ज्याच्यावर टीका, त्याच्या हाती डिलीटचं बटण नको

चोपड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरांचा एक डिस्कॉर्ड सर्व्हर (गप्पांच्या ॲपवरचा मोठा गट) आहे, साधारण १४०० जण. आखाजीच्या सुट्टीत त्यांनी बीजीएमआय या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळाची १६ टीमची स्पर्धा घेतली. प्रवेश फी नव्हती, बक्षिसाचे ५००० रुपये एका मोबाईल दुकानदाराने दिले होते. गुण चुकीचे मोजले, रूम आयडी (मॅचमध्ये शिरायचा नंबर) उशिरा दिला, बक्षीस अजून वाटलं नाही, अशी लांबलचक पोस्ट एका खेळाडूने टाकली. आयोजक स्वतःच मॉडही (सर्व्हरवर शिस्त राखणारा मॉडरेटर) आहे. त्याने पोस्ट उडवली आणि त्या पोराला सात दिवसांचा टाइमआउट (लिहायला बंदी) दिला. तेव्हापासून 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य' म्हणत रोज भांडण चालू आहे. शिव्या पडतात, बऱ्याचशा अहिराणीत, त्या ऑटोमॉडला (मेसेज आपोआप तपासणाऱ्या डिस्कॉर्डच्या सोयीला) कळत नाहीत. एका मुलीच्या खेळावर बोलता बोलता गाडी तिच्यावरच घसरते. कोणते शब्द बंद करू, काय ठेवू, काय काढू, आणि उडवलेल्या पोस्टचं आता काय करू, असं सर्व्हरच्या मालकाने विचारलंय.

भाऊ, तुमच्या प्रश्नात शब्दांची यादी पहिली येते, पण गोंधळ कुठून सुरू झाला ते बघा. ज्याच्या कामावर टीका होती, त्यानेच ती पुसली. यात्रेतल्या कुस्तीच्या दंगलीत पंचाचा पुतण्याच लढत असला आणि निकाल देऊन वर पंच म्हणाला 'कोणी बोलायचं नाही', तर निकाल शंभर टक्के बरोबर असूनही आखाड्याभोवतीचा एकही माणूस तो मानत नाही. तुमच्याकडे तेच झालंय. आता तुम्ही एखादी खरोखर घाणेरडी पोस्ट काढली तरी लोक म्हणणार, 'हे काय, टीका दिसली की उडवतात.' म्हणून आधी टीका कोण हाताळणार ते ठरवा, मग काय काढायचं ते, आणि शब्दांची यादी सगळ्यात शेवटी. उत्तरही त्याच क्रमाने देतो.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात. २० मित्रांचा सर्व्हर असेल तर यातलं निम्मं करायची गरज नाही, फोन करून मिटतं. तुमच्याकडे १४०० जण आहेत, आमंत्रणाची लिंक इन्स्टाग्रामवर उघडी आहे आणि बरेच सदस्य अठराच्या आतले आहेत. त्यात सगळे एकाच पट्ट्यातले. मोठ्या शहरातल्या सर्व्हरवर एखाद्याचं टोपणनाव हे नुसतं टोपणनाव राहतं. आपल्याकडे पाच मिनिटांत कळतं की हा कोणत्या गावचा, कोणाचा पोरगा, बाप कुठे बसतो. त्यामुळे टीकेच्या बाबतीत मी सांगेन ते बऱ्याच जणांना सैल वाटेल, आणि पत्ता, फोटो, घर, जात यांच्या बाबतीत फार कडक वाटेल. दोन्ही याच कारणामुळे.

कायद्याचं थोडक्यात. संविधानाच्या अनुच्छेद १९(१) मधलं भाषणस्वातंत्र्य मुळात सरकारला आवरण्यासाठी आहे. खाजगी सर्व्हरच्या मालकाने एखादी पोस्ट काढली म्हणून त्याने संविधान मोडलं असं सहसा होत नाही. पण 'मला अधिकार आहे' हे उत्तर भांडण मिटवत नाही, वाढवतं. त्यापेक्षा एका जुन्या निकालातून शिकण्यासारखं आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ला आव्हान दिलं गेलं, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. त्यात चीड येणं, गैरसोय होणं, अपमान वाटणं असे शब्द गुन्ह्याचा पाया होते, आणि त्या शब्दांना काही माप नव्हतं. न्यायालयाने तिथे तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: एखाद्या विषयावर चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार, आणि चिथावणी. बोलणं चिथावणीपर्यंत गेलं तरच ते रोखण्याचा प्रश्न येतो.

आता तुमच्या सर्व्हरचा तिसरा नियम वाचा, तुम्हीच पाठवलाय: 'कोणालाही त्रास होईल असं लिहू नये.' हा तुमचा स्वतःचा ६६-अ आहे. गुण चुकले म्हटलं की आयोजकाला त्रास होणारच. ज्या नियमाखाली खरी तक्रारही बसते आणि जातीवाचक शिवीही बसते, त्या नियमाने मॉडला काहीच सांगितलेलं नसतं. मग मॉड त्याच्या मूडप्रमाणे वागतो.

आता ती पोस्टच घेऊ. मूळ मजकूर गेला असला तरी तुमच्या वर्णनावरून ती साधारण अशी धरतो:

'तिसऱ्या मॅचला आम्ही दुसरे आलो, ७ फिनिश. तक्त्यात १० गुण लिहिलेत. रूम आयडी १२ मिनिटं उशिरा आला, आमचा एक गडी बाहेरच राहिला. ओळखीच्या टीमला आयडी आधी गेला असं वाटतं. बक्षिसाचे पैसे खाल्ले यांनी. अक्कल नाही तर स्पर्धा घेता कशाला? याचं दुकान स्टँडच्या मागे आहे, उद्या चला सगळे.'

अख्ख्या पोस्टवर एकच शिक्का मारू नका, वाक्य वाक्य सुटं करा. पहिली दोन वाक्यं पडताळता येतात. हल्ली रुळलेल्या पद्धतीत पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, चौथ्याला ४ आणि प्रत्येक फिनिशला (समोरचा गडी बाद केला की) १ गुण असतो. दुसरा नंबर आणि ७ फिनिश म्हणजे १३. तक्त्यात १० असतील तर तीन गुण गेले. ही दुरुस्तीची सूचना आहे आणि ती काढणं म्हणजे हिशोबाची चूक झाकणं. रूम आयडीचा उशीरही तसाच, घोषणेच्या मेसेजवर वेळ छापलेली असते. 'असं वाटतं' ही शंका आहे. शंकेमागे कारण दिलंय तोवर ती राहते, आणि तिला उत्तर द्यायचं ते आयडी कोणत्या चॅनेलवर किती वाजता टाकला ते दाखवून.

'पैसे खाल्ले' इथे थांबायचं. हे मत राहिलं नाही, हा गुन्ह्याचा आरोप आहे, आणि पुरावा दिलेला नाही. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. त्याला अपवादही आहेत: लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आणि लोकांसमोर केलेल्या कामगिरीबद्दल प्रामाणिकपणे दिलेलं मत. म्हणजे 'बक्षीस तीन आठवड्यांनीही मिळालं नाही, पैसे कुठे आहेत?' हे विचारायला कोणी अडवू शकत नाही. लेखकाला दोन तास द्या, तेवढं वाक्य असं बदलून घ्या. डिस्कॉर्डवर दुसऱ्याचा मेसेज मॉडला संपादित करता येत नाही, लेखकच करू शकतो. म्हणून त्याच्याशी बोलावंच लागतं, आणि ते बरंच आहे.

'अक्कल नाही तर स्पर्धा घेता कशाला' हे झोंबतं. ठेवायचं. रोख कामावर आहे. ज्याने १६ टीमची स्पर्धा अंगावर घेतली, त्याला झोप सोडून केलेल्या कामावर असं ऐकून वाईट वाटणार, ते मला समजतं. पण वाईट वाटणं हे पोस्ट काढण्याचं कारण धरलं, तर उद्यापासून तुमच्याकडे फक्त गुळचट कौतुक उरेल आणि खरं बोलणं व्हॉट्सॲपच्या वेगळ्या ग्रुपवर जाईल, जिथे तुम्ही नसाल.

शेवटचं वाक्य मात्र एक मिनिटही ठेवायचं नाही. ठिकाण सांगून माणसं गोळा करणं ही चिथावणी आहे, आणि आपल्या तालुक्याच्या गावात ती खरोखर दुकानासमोर उभी राहते. आता अडचण बघा: या एका वाक्यासाठी अख्खा मेसेज काढावा लागतो. तेव्हा आधी पूर्ण मजकूर कॉपी करून घ्या, स्क्रीनशॉट घ्या, मग काढा. लगेच तोच मजकूर शेवटचं वाक्य वगळून लेखकाला खाजगी मेसेजमध्ये परत द्या, 'हे पुन्हा टाका' म्हणून. आणि चॅनेलवर उघड एक ओळ लिहा: 'पोस्टमध्ये एकाचा पत्ता होता म्हणून काढली, बाकीची तक्रार परत टाकायला सांगितली आहे.' ही ओळ लिहिली नाही तर बघणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की टीका गायब झाली. माझ्या मते एक ओळीचं कारण उघडपणे लिहिता येत नसेल तर ती पोस्ट काढण्याजोगी नाही. मॉडने बोट बटणावर ठेवण्याआधी ती ओळ मनात जुळवून बघावी.

नियम लिहिताना भावनेचं नाव घालू नका, कृतीचं घाला. 'त्रासदायक', 'अशोभनीय', 'वातावरण बिघडवणारं' हे शब्द काढून टाका. त्याजागी असं लिहा: कोणाचा पत्ता, फोन नंबर, शाळा-कॉलेज, गाडीचा नंबर किंवा परवानगीशिवाय फोटो टाकायचा नाही, जात, जमात, धर्म, बाईपण, अपंगत्व यांवरून बोलायचं नाही, मारायची, घरी येण्याची धमकी द्यायची नाही, गुन्ह्याचा आरोप पुराव्याशिवाय करायचा नाही. आणि याच यादीत, तितक्याच ठळकपणे: 'स्पर्धा, आयोजक, मॉड, मालक आणि प्रायोजक यांच्या कामावर टीका करायला मोकळीक आहे, कडक शब्दांतही.' हे वाक्य लिहिलेलं नसलं की नवा मॉड घाबरून जास्तच काढतो.

प्रायोजकाचं नाव मुद्दाम घातलं. दुकानदाराने ५००० रुपये दिले की कधीतरी त्याचा फोन येतो, 'अरे, माझ्या दुकानाबद्दल कोणीतरी लिहिलंय, काढ ना.' तेव्हा तुम्ही संकोचात पडता. नियमात आधीच लिहिलेलं असलं की त्याला ते दाखवता येतं. पैसे घेतानाच सांगा, आणखी बरं.

आता रचना. आयोजक आणि मॉड हे दोन वेगळे रोल (परवानग्यांचे गट) करा. आयोजकाच्या रोलमधून 'मॅनेज मेसेजेस' ही परवानगी काढा, आणि सदस्यांना टाइमआउट देण्याचीही. एक खाचखळगा आहे: ज्याच्याकडे 'ॲडमिनिस्ट्रेटर' परवानगी आहे त्याला चॅनेलवरचे कोणतेही निर्बंध लागू होत नाहीत. म्हणून आयोजकाला ॲडमिन ठेवून बाकीच्या परवानग्या काढणं म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी उघडी. मालक म्हणून तुमच्यावर तर कोणताच निर्बंध चालत नाही. त्याला उपाय एवढाच की 'माझ्याबद्दलची पोस्ट मी स्वतः काढणार नाही, अमुक दोन मॉड ठरवतील' हे तुम्ही पिन करून ठेवायचं आणि पाळायचं.

तक्रारींसाठी फोरम प्रकारचं वेगळं चॅनेल उघडा, प्रत्येक मॅचला एक धागा. गुणांबद्दल हरकत घ्यायला निकाल लागल्यापासून २४ तास, सोबत निकालाच्या पडद्याचा पूर्ण स्क्रीनशॉट, कापलेला नको. उत्तर त्या मॅचमध्ये न खेळलेल्या माणसाने द्यायचं, पुढच्या ४८ तासांत. वातावरण तापलं तर स्लोमोड (एकाच माणसाला दोन मेसेजमध्ये थांबायला लावणारी सोय) लावा. तो ५ सेकंदांपासून ६ तासांपर्यंत लावता येतो, भांडणाच्या वेळी ५ किंवा १० मिनिटं पुरतात. स्लोमोडने कोणाचं तोंड बंद होत नाही, फक्त एकावर एक पडणारे मेसेज थांबतात आणि माणूस लिहिण्याआधी वाचतो. चॅनेलला कुलूप लावण्याआधी हे करून बघा, दहापैकी आठ वेळा कुलपाची गरज पडत नाही.

शिक्षा लहानापासून मोठीकडे. टाइमआउटच्या यादीत ६० सेकंद, ५ मिनिटं, १० मिनिटं, एक तास, एक दिवस, एक आठवडा असे पर्याय आहेत. शिवीगाळीला पहिल्यांदा दहा मिनिटं, मग तास, मग दिवस. आठवडा हा धमकीसाठी किंवा तिसऱ्यांदा तेच करणाऱ्यासाठी. टीकेला शून्य. आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: टाइमआउट दिलेला माणूस सर्व्हरवर कुठेच लिहू शकत नाही, तक्रारीच्या चॅनेलवरही नाही. म्हणजे ज्याला अन्याय वाटतोय त्याला ते सांगायची जागाच तुम्ही बंद करता. म्हणून टाइमआउट देणाऱ्या मॉडशिवाय दुसऱ्या एकाचं खाजगी मेसेजचं खातं अपिलासाठी जाहीर ठेवा.

शब्दांची यादी आता. ऑटोमॉडमध्ये तुमचे स्वतःचे सहा नियम करता येतात आणि प्रत्येकात हजार शब्द बसतात, म्हणजे जागा भरपूर आहे. अडचण मराठीची आहे. आपल्या शब्दांना विभक्ती लागते. 'गाढव' हा शब्द जसाच्या तसा टाकला तर 'गाढवा', 'गाढवाला', 'गाढवांनो' निसटतात. म्हणून शब्दामागे तारा (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) लावायचा, आणि तारा लावला की उलटी चूक होते. 'मार' पुढे तारा लावून बघा: 'मारून टाकीन' सापडेल, पण 'मारुती', 'मार्केट', 'मार्गशीर्ष' आणि अमळनेर तालुक्यातलं 'मारवड' सगळे अडतील. वर हा सर्व्हर गोळीबाराच्या खेळाचा आहे. 'डावीकडच्याला मार', 'घरात घुस, उडव त्याला' हे इथलं रोजचं बोलणं आहे. तिथे 'मार' अडवणं म्हणजे भाजीबाजारात वांगी विकायला बंदी.

म्हणून शब्द दोन ढिगांत करा. जातीवाचक शिव्या, बलात्काराच्या धमकीचे शब्द, सट्ट्याच्या लिंका आणि मोबाईल नंबर थेट अडवा. नंबरासाठी साचा द्या: ६ ते ९ पैकी एक आकडा आणि मागे नऊ आकडे. हा साचा इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही अंकांसाठी वेगवेगळा लिहा, शिवाय पाच आकड्यांनंतर जागा सोडलेला तिसरा. बाकी सगळ्या शब्दांना फक्त सूचना लावा, मेसेज अडवू नका. मॉडच्या चॅनेलवर खूण पडेल, माणूस वाचेल, ठरवेल. चाचणी करताना एक लक्षात ठेवा: सर्व्हर सांभाळण्याची परवानगी असलेल्यांना ऑटोमॉड सोडून देतो. तुमच्या खात्यावरून शिवी टाईप केली आणि ती गेली म्हणजे नियम चालत नाही असं नाही. साध्या सदस्याच्या खात्यावरून तपासा, आणि एकच शब्द देवनागरीत, रोमनमध्ये चार-पाच तऱ्हांनी, मधे जागा सोडून, मधे ठिपके टाकून, असा सगळा तपासा.

अहिराणीसाठी यंत्राच्या मागे लागू नका, माणूस ठेवा. 'काय करी राह्यना भो?' यात भांडण नाही. 'तुन्ही टीम भंगार शे' ही खेळावरची टीका आहे, ठेवायची. पण हेच वाक्य टीमचं नाव काढून गावावर, वस्तीवर, जमातीवर गेलं की चित्र बदलतं. ते बाहेरच्या मॉडला ऐकू येत नाही, घरी अहिराणी बोलणाऱ्याला लगेच येतं. तुमचे चार मॉड चोपड्याचेच आहेत. त्यात धुळे-साक्रीकडचा एक, रावेर-यावलकडची बोली कळणारा एक आणि नंदुरबारकडचा, भिली किंवा पावरी जाणणारा एक असे घ्या. सातपुड्यातल्या पोरांच्या बोलण्यावरून, गावावरून जी टिंगल चालते ती बाकीच्यांना 'मस्करी' वाटते, कारण ती त्यांच्यावर नसते. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराविरुद्धचा १९८९ चा कायदा लोकांच्या देखत केलेल्या जातीवाचक अपमानालाही लागू होतो, आणि १४०० जणांचा उघडा सर्व्हर म्हणजे चार भिंतीतली गोष्ट नाही. तिथे इशारा वगैरे नको. मजकूर जपून ठेवा, काढा, एक आठवडा. पुन्हा केलं तर बॅन.

मुलीच्या बाबतीत कसोटी तीच, रोख कुठे आहे. 'शेवटच्या झोनमध्ये तिने कव्हर सोडलं म्हणून टीम गेली' हे ठेवा, तिच्या बाजूच्या पोराबद्दल ठेवलं असतं तसंच. 'मुलींना कशाला घेता' हे काढा, त्यात तिच्या खेळाबद्दल काहीच नाही. फोटो, फोटोत केलेली छेडछाड, 'नंबर दे', इन्स्टाग्राम शोधून टाकणं हे इशाऱ्याशिवाय बॅन. आणि इथे क्रम चुकवू नका. डिस्कॉर्डच्या सेटिंगमधला डेव्हलपर मोड चालू करून मेसेजची लिंक आणि आयडी घ्या, टाकणाऱ्याचं खातं आणि वेळ नोंदवा, डिस्कॉर्डकडे रिपोर्ट करा, मग काढा. चित्र अश्लील असेल आणि ती अठराच्या आतली असेल तर ते चित्र कुठेही साठवू नका, मॉडच्या ग्रुपवर 'बघा रे हे' म्हणून पाठवू तर नकाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली ते पसरवणं हा गुन्हा आहे आणि जवळ ठेवणंही अंगाशी येतं. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देता येते, मुलांसाठी १०९८ आहे. तिच्याशी बोलायला मॉडमधली एखादी ताई असू द्या. नसेल तर करा. चार पोरांच्या कमिटीसमोर कोणती मुलगी हे सांगायला येईल?

'हॅकर' (खेळात चोरवाटेने फसवणारा) हा आरोप वेगळा हाताळा, कारण त्यात चूक फार होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात नेटवर्क डळमळलं, पिंग (सिग्नलला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) २०० च्या वर गेला की तो खेळाडू समोरच्याला उड्या मारताना दिसतो, भिंतीआडून गोळी लागल्यासारखी वाटते. आणि मग पंधरा वर्षांच्या पोराला भर चॅनेलवर हॅकर ठरवतात. उघडपणे नाव घ्यायला बंदी ठेवा, ही एक बंदी मला योग्य वाटते. खाजगी तिकीट (फक्त मॉडना दिसणारी तक्रार), क्लिप घटनेच्या आधी आणि नंतर किमान ३० सेकंदांची, आणि गेममधलाच रिपोर्ट. निर्णय लागला की मात्र तो उघड सांगा, निर्दोष निघाला तरी.

गेम कंपनीवर, अपडेटवर, महागड्या क्रेटवर (गेममधल्या विकतच्या पेट्या), सरकारवर टीका हे सगळं राहू द्या. पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये, बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेलं आणि मे २०२३ मध्ये परत आलं. ही बंदी चूक होती की बरोबर, यावर पोरं तावातावाने बोलतील. बोलू द्या. पण बंद ॲपची बदललेली फाईल टाकणं ही चर्चा नाही, आणि तसल्या फाईलींतून खाती चोरीला जातात. लिंक काढा, मत ठेवा. पैशांच्या ऑनलाइन खेळांचंही असंच. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे खेळ आणि त्यांची जाहिरात दोन्ही बंद केली, जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलर प्रेडिक्शनची (रंगावर पैसे लावायची) लिंक टाकून 'माझं स्वातंत्र्य' म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका, लिंक दिसली की काढा.

व्हॉइस चॅनेलचं थोडक्यात: डिस्कॉर्ड बोलणं साठवत नाही. मॉड हजर असेल तर म्यूट करावं आणि वेळ, हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवावीत. नसेल तर एकट्याच्या सांगण्यावरून मोठी शिक्षा नको.

आता उडवलेल्या पोस्टचं. ती परत आणता येत नाही. ऑडिट लॉगमध्ये कोणी, कोणाचा, कोणत्या चॅनेलवरचा मेसेज काढला एवढं दिसतं, मजकूर दिसत नाही, आणि तो लॉगही ४५ दिवसांनी जातो. म्हणून आजच त्या नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या. यापुढे काढलेल्या प्रत्येक मेसेजची एका साध्या तक्त्यात नोंद ठेवा: तारीख, मेसेजचा आयडी, मजकूर, कोणी काढला, आठ-दहा शब्दांत कारण. पोक्सोच्या प्रकरणात मजकुराचा रकाना रिकामा ठेवून फक्त आयडी लिहायचा.

मग त्या पोराचा टाइमआउट आज उठवा, उद्या नको. त्याला खाजगीत नाही, उघड चॅनेलवर सांगा. शब्द साधारण असे: 'तुमची पोस्ट काढणं चूक होतं. ज्यांच्याबद्दल ती होती त्यांनीच ती काढली, हेही चूक होतं. त्यातला पत्ता तेवढा वगळून ती तक्रारींच्या चॅनेलवर परत टाका. तिसऱ्या मॅचचे गुण अमुक दोघं तपासतील, रविवारपर्यंत उत्तर देतील. बक्षिसाचे पैसे कोणाकडे आहेत आणि कधी मिळतील हे आयोजक आज रात्रीपर्यंत इथेच लिहितील.' 'जर कोणाला वाईट वाटलं असेल तर' असं काही घालू नका, त्याने सगळं वाया जातं.

आयोजकाशी मात्र आधी एकट्याने बोला, हे सगळं चॅनेलवर टाकण्यापूर्वी. सुट्टीत घरची कामं सोडून त्याने स्पर्धा उभी केलीय, आणि त्याला हे अचानक सगळ्यांसमोर वाचायला लागलं तर पुढची स्पर्धा घ्यायला कोणी राहणार नाही. त्याच्याकडून मॉडपद काढताय ते शिक्षा म्हणून नाही, त्याचा निर्णय पुढच्या वेळी लोकांनी मानावा म्हणून, हे त्याला नीट सांगा. तीन गुण वाढून जर वरची टीम बदलत असेल तर निकालही बदला, आणि तोपर्यंत बक्षीस वाटलं गेलं असेल तर दुकानदाराला विश्वासात घेऊन दोघांनाही द्यायचं का ते ठरवा. गुण बरोबरच निघाले तर बेरीज पायरी पायरीने दाखवून तसं लिहा, आणि ती तक्रार त्या उत्तराच्या वर, जागच्या जागी राहू द्या.